बाळ सरांची बस-ऊठ

बाळ घैसास सरांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, आणि आम्हा फिजिओथेरपीवाल्यांवर तर अजिबातच नव्हता. नारायण पेठेत माझं क्लिनिक त्यांच्या घरासमोरच आहे. सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतताना ते दारात थांबत आणि विचारत, "काय डॉक्टरीणबाई, आज कुणाकुणाला घाबरवायचंय?" मी म्हणे, "तुमच्याकडून कुणाला येऊ दिलंत तर त्यांनाही घाबरवीन." ते हसत निघून जात. त्यांच्याकडून कुणी येत नसे.

आयुष्यभर बँकेत कारकुनी केली, पण ओळख करून देताना त्यांनी बँकेचं नाव कधी काढलं नाही. ते खो-खोचे सर. शनिवार पेठेतल्या मंडळाच्या मैदानावर मुलींच्या दोन पिढ्या त्यांनी घडवल्या. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणत, "एवढ्या मुली सांभाळतोय, ते काय कमी आहे?" माणूस खरोखर चांगला होता. म्हणूनच त्यांचा मला जास्त राग येई.

दुखापत पारखायची त्यांची स्वतःची रीत होती. गुडघा दुखावला की बर्फ, क्रेप बँडेज, थोडी विश्रांती. सूज उतरली की मुलीला मैदानातल्या मधल्या पाटीवर उकिडवं बसवायचं, मागून खो द्यायचा आणि तोंडाकडे बघायचं. चेहरा वाकडा न करता उठून पळाली, की गुडघा बरा. एक्स-रे, एमआरआय वगैरे काही नाही. "उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?" असं त्यांचं म्हणणं. मंडळात याला बस-ऊठ म्हणत, आणि बस-ऊठ पास झालेल्या मुलीनं पुन्हा दुखण्याचं नाव काढणं म्हणजे नखरे.

प्रियदर्शनी येरवड्याहून सायकलनं मैदानावर यायची. तिचे वडील उत्तरेश्वर परभणीकडून कारखान्यात कामाला आलेले. खांबाला वळसा घालून सूर मारावा तर तिनंच. राज्याच्या संघात तिची निवड होणार, हे सरांनी पेठेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मलाही दोनदा. निवड चाचणीच्या थोडं आधी सरावात ती खांबापाशी वळताना पडली. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म फुगला. मग नेहमीचं सगळं झालं. सूज उतरली, बस-ऊठ झाली, ती पास झाली. पुढच्या सरावात ती खांबाजवळ बिचकायला लागली, तेव्हा सर तिला म्हणाले, "गुडघा ठणठणीत आहे. भीती मनात बसलीय, ती काढ."

तिनं ती काढली. निवड चाचणीत पूर्ण वेगानं वळली आणि गुडघा आतल्या आत निखळला. ती उठली तेव्हा पाय सरळच होईना. सर आणि उत्तरेश्वर तिला रिक्षातून थेट माझ्याकडे घेऊन आले. सर पहिल्यांदाच माझ्या क्लिनिकची पायरी चढले.

मी तिला टेबलावर निजवलं. बोलता बोलता पाय सैल करायला लावला, गुडघा थोडा वाकवून मांडी एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढली. चांगल्या गुडघ्यात नडगी किंचित सरकते आणि दोरी ताणल्यासारखी खटकन थांबते. इथे ती थांबलीच नाही. दुसरा पाय तपासून पाहिला. तो थांबला.

"पहिल्यांदा पडलीस तेव्हा आत काही आवाज आला होता?" मी विचारलं.

तिनं आधी सरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "कट्‌ असा आला होता. नंतर वळताना गुडघा सटकल्यासारखा व्हायचा."

"मग मला सांगितलं का नाहीस?" सर म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत, सर. तुम्ही बस म्हणालात, बसले. ऊठ म्हणालात, उठले."

मग मी बोलले, आणि बरंच बोलले. हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट तुटला की आत रक्त साचतं, म्हणून गुडघा तासा-दोन तासांत फुगतो; ती सूज ओसरते, पण तुटलेलं तुटलेलंच राहतं. सरळ पळता येतं, बसता-उठता येतं. फक्त वळताना पाय दगा देतो, आणि खो-खोत वळण्यावाचून आहे काय? हे सगळं मी त्यांना त्या पोरीसमोर ऐकवलं.

एमआरआय म्हणजे वरातीमागून घोडं होतं. दुसऱ्यांदा पडताना हाडांमधली गादीही फाटून सांध्यात अडकली होती. सर्जननी नवा लिगामेंट बसवला, पण गादीचा बराचसा भाग काढून टाकावा लागला. उत्तरेश्वरांनी मला विचारलं, "मॅडम, पोरगी खेळंल न्हवं परत?" चालेल, सायकल चालवेल, असं मी सांगितलं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग मला नाही म्हणावं लागलं. प्रियदर्शनी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

ती व्यायामाला येते तेव्हा सर बाहेरच्या बाकावर बसून राहतात. थट्टा करत नाहीत. मैदान त्यांनी सोडलं. मला त्यांची दया येते आणि रागही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी येतात.

परवा ते आत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "आनंदीला फोन केला होता." आनंदी त्यांची जुनी खेळाडू. गुडघा दुखावल्यावर बस-ऊठ पास झाली, आणि तरी तिनं खेळ सोडला. लग्न ठरल्यावर पोरगी आळसावली, असं सरांनी तेव्हा चारचौघांत म्हटलं होतं. आता ती आजी होण्याच्या वयाची आहे.

"माफी मागायला केला होता फोन," सर म्हणाले. "मी तोंड उघडायच्या आतच ती रडायला लागली. म्हणाली, सर, तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी आळशीपणा केला. इतकी वर्षं तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. जिना उतरताना गुडघा अजून सटकतो म्हणे. वयामुळे असेल, म्हणाली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"असू दे म्हणालो. झालं ते झालं, मी तुला केव्हाच माफ केलंय म्हणालो." ते भिंतीला टेकले. "दुसरं काही तोंडातून निघेचना हो."