पाठवलेल्या पैशांना काय म्हणायचं

सासूबाईंचा उजवा भाग लुळा पडला तेव्हापासून त्यांचं उठणं-बसणं, न्हाऊ-खाऊ घालणं, सगळं माझ्याकडे आहे. देऊळघाटात आमचं लहानसं घर, शेतात वांगी-टमाटे, आणि समोरच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन. धाकटी जाऊ पुण्यात नोकरी करते. मी आईंचं करते म्हणून ती दर महिन्याला माझ्या खात्यावर पैसे पाठवते, तेही न चुकता. तिला नाव ठेवायला कुठे जागाच नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

कोणी बघायला आलं की सासूबाई सांगायच्या, "मायी धाकटी लय जिवाची हाय. तिकडून पैसे धाडते, म्हून मी जित्ती हाय." मी तेव्हा त्यांच्याच अंगाखालची चादर बदलत असायचे. दिवाळीत ती आली की त्या डावा हात तिच्या तोंडावरून फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायच्या. एका हाताची बोटं धड मोडत नाहीत, तरी पुन्हापुन्हा करायच्या. माझ्यासाठी एकदाही नाही. रोज डोळ्यांसमोर असणारीची दृष्ट कशाला काढायची, असंही असेल. पण मी जळफळायचे. तव्यावरची पोळी करपली तरी कळायचं नाही, इतकी.

मशीनसाठी कर्ज काढलं तेव्हापासून मी रिटर्न भरते. यंदा बुलढाण्याच्या कर सल्लागारानं खात्यावरचे जावेचे पैसे पाहून विचारलं, "वहिनी, हे दर महिन्याले कोन पाठवते?"

मी सांगितलं.

"मंग भेट म्हणून धरू. जाऊ नात्यात बसते. नातेवाइकाच्या भेटीवर कर नाही."

"भेट? मी काय नवी साडी नेसून पाटावर बसली होती का?"

तो हसला. म्हणाला, कामाचे म्हणून येत असतील तर ते उत्पन्न झालं. शिवणाच्या कमाईत मिळवावे लागतील, कर लागो न लागो, दाखवावे लागतील. आणि पाठवणारीनं तसं लिहून दिलेलं बरं.

शेजारच्या खुर्चीवरून नवरा कळवळला. "अवं, फुकटात सुटून राह्यली न तू! काऊन अंगावर घेऊन राह्यली?"

त्याला काय सांगणार? भेट म्हटलं की देणारी मोठ्या मनाची ठरते आणि घेणारी नुसती घेणारी. माझी कंबर त्यात कुठेच येत नाही. मला ते काम आहे असं लिहून हवं होतं, आणि तिनंच लिहायला हवं होतं.

तिथूनच फोन लावला. वाटलं, आता तरी ही कुरकुर करेल. ती म्हणाली, "अहो ताई, कामच आहे ते. लगेच मेल करते." आमचा चहा संपायच्या आत मेल आलासुद्धा. परतताना गाडीवर मागे बसून मी गाणं गुणगुणत होते. जावेवर मात केल्याचा आनंद काय असतो, ते ज्या घरात दोन सुना आहेत तिथेच कळेल.

रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. सासूबाईंना म्हणाली, "आई, ताईंना आता रीतसर पगार सुरू झाला बरं का!" अगदी कौतुकानं म्हणाली. खवचटपणा असता तर मला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या माहेरची एक म्हातारी संग्रामपूरहून त्यांना बघायला आली. तिनं मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. मी पेज भरवत होते.

"तुयं सारं कोन करते वं बाई?" तिनं विचारलं.

सासूबाईंनी घास गिळला आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझा चमचा वरच्यावर थांबला. आता काय म्हणतात ते ऐकायला मी श्वास रोखून बसले.

"धाकटीनं बाई लावून देली न मले," त्या म्हणाल्या. "पगारावर हाय."

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बरं करते का?"

"करते," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढच्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.