सिरोंच्याच्या घाटावरचा बट्टेवाला

सिरोंच्याला प्राणहिता ओलांडली की मुलूख बदलायचा आणि पैसाही. अलीकडे हिंदुस्थानचा कळदार रुपया, पलीकडे हैदराबादचा हाली. निजामाचं राज्य गेलं तरी त्याच्या हाली नोटा बाजारात फिरतच होत्या. सात हालीला सहा कळदार हा सरकारी भाव. त्यावर मोबदला म्हणून आपला बट्टा कापून इनायत घाटावर नोटा बदलून द्यायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. माणसं गरजेपुरती यायची आणि तोंडातल्या तोंडात शिव्या घालत परतायची. त्याला त्याची सवय झाली होती.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात पलीकडच्या जत्रेत पटकी पसरली. परतणाऱ्यांना सरकारी शिपायांनी काठावरच अडवलं. सुई टोचून घ्यायची आणि रेतीतल्या मांडवात राहायचं, गावात पाऊल टाकायचं नाही. जत्रेतून पैशांची पेटी काखेत मारून आलेला इनायतही त्यात अडकला.

मांडवाभोवती दोर बांधला होता. दोरापलीकडे तांदूळवाला बसे. पण रोगाच्या मुलखातल्या हाली नोटेला तो हात लावेना. कळदार होते फक्त इनायतच्या पेटीत. लोक हात जोडून त्याच्याकडे आले. त्यानं नोटा बदलून दिल्या. अडलेल्यांकडून जास्त घेतलं नाही, पण बट्टा सोडलाही नाही. त्यांत मनकर्णा होती. माहेर चामोर्शीकडचं, दिलेली सिरोंच्याजवळच्याच खेड्यात. नवरा वारलू याच्यासोबत जत्रेत मिरच्या विकून परतत होती. तिच्याही पैशातून इनायतनं आपलं काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी इनायतलाच ढाळ लागले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, पोटऱ्यांत गोळे यायला लागले. आजूबाजूच्यांनी चटया उचलून लांब नेल्या. आता संपलं, असं त्याला वाटत असतानाच कुणीतरी त्याची मान उचलून धरली.

"घ्या भाऊ, घोट घोट घ्या. ओकलं तं ओकलं, पुन्हा घ्या."

मनकर्णा मीठ घातलेली पातळ पेज पाजत होती.

वारलू लांबून ओरडला, "मराचं हाये काय तुले? काऊन जाते त्याच्यापाशी?"

"सुई टोचली न मले," ती म्हणाली. "अन् त्याचं इथी कोण हाये?"

संध्याकाळी डॉक्टर आले, शिरेतून मिठाचं पाणी चढवलं. म्हणाले, "या बाईनं तुला तोवर धरून ठेवलं, म्हणून जिवंत सापडलास."

मांडव सुटला. अंगात बळ येताच इनायत नवं लुगडं आणि थोडे पैसे घेऊन मनकर्णेच्या अंगणात जाऊन उभा राहिला. तिनं लुगडं घेतलं, पैसे परत केले.

"पैसा नाई पाहिजे भाऊ. मले नोटा ओळखाले शिकवा. बाजारात कोणीबी कायबी हातात ठेवते, अन् मुकाट्यानं घ्या लागते."

वारलू ओशाळला. "अवं, नोटा समजल्या तं बट्टा कोण देते? भाऊचा धंदा बुडंल न!"

"बुडू दे," इनायत म्हणाला. "मी जित्ता हाओ, हे काय कमी हाये?"

त्यानं तिथंच चटईवर नोटा मांडल्या. कळदारावर इंग्रजांच्या राजाचं तोंड, नाहीतर नवे सिंह. हालीवर तोंडच नाही, मोठी उर्दू अक्षरं. शेजारणी जमल्या. पुढे बाजाराच्या दिवशी तो त्या अंगणात थांबू लागला. पोरीबाळी नोटा उन्हात धरून वाचायला शिकल्या.

हाली बंद होणार अशी दवंडी पिटली तेव्हा त्या गावातल्या बायकांनी मडक्यांच्या उतरंडीतून नोटा काढून वेळेत बदलून घेतल्या. आसपासच्या कितीतरी घरांत नुसता कागद उरला. घाटावरचं इनायतचं काम मात्र संपलं. त्यानं बाजारात मिठाचं दुकान मांडलं, आणि पहिल्याच बाजाराला मनकर्णा सगळ्या आळीला घेऊन आली.

धंदा गेल्याचं दुःख होतं का, असं कुणी विचारलं तर इनायत म्हणायचा, "अल्लानं मले त्या मांडवात कोंडलं, हे लय बरं केलं. त्याच्याआधी सणाले मले जेवाले बोलावणारं एक घर नव्हतं."