चिंच-मिठाने घासलेली नाणी

अकरा नाणी होती. हे आधीच सांगते, कारण माझा नवरा पुढे पार्ट्यांमध्ये "हिला दोन-चार पैसे सापडले होते" असं सांगायचा आणि माझं डोकं फिरायचं. अकरा. तांब्याची, हिरवी पडलेली, कडेने वेडीवाकडी, अंगठ्याच्या नखाएवढी.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. आम्ही दुबईत ऊद मेथाला राहायचो, मुलीच्या शाळेपासून चालत पाच मिनिटांवर. माझ्या व्हिसाच्या शिक्क्यात 'हाउसवाइफ, नोकरीची परवानगी नाही' असं छापलेलं होतं. पुण्यात प्राचीन इतिहासात एम.ए. केलं, नाण्यांवर प्रबंध लिहिला, फर्स्ट क्लास मिळवला, आणि इथे येऊन काय, तर डबे भरायचे आणि दुपारी सिरियल बघायची. भयंकर राग यायचा. तो कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण एसी आहे, गाडी आहे, फ्रीज भरलेला आहे, आता हिला आणखी काय हवंय, असंच सगळे म्हणाले असते.

मेटल डिटेक्टर मी गराज सेलमध्ये घेतला, देश सोडून चाललेल्या एका ब्रिटिश बाईंकडून. दोनशे दिरहम. "म्हणजे दोन हजार रुपये," नवरा गाडीत म्हणाला, "तेवढ्यात चांगला मिक्सर आला असता." मिक्सर आमच्याकडे होता.

मग दर शुक्रवारी, ऊन चढायच्या आत, समुद्रकाठ. आज जिथे दुबई मरीनाचे टॉवर आहेत तिथेही मी फिरले आहे, तेव्हा तिथे नुसती वाळू होती. मी कानाला हेडफोन लावून चालायचे आणि कुईं वाजलं की खुरप्याने उकरायचे. कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या कड्या निघायच्या, बाटल्यांची बुचं, गंजलेले खिळे. नवरा गाडीत पेपर वाचायचा. त्याचे ऑफिसातले मित्र "क्या भाभी, खजाना मिला क्या?" असं विचारायचे, आणि हाही त्यांच्याबरोबर दात काढायचा.

एका शुक्रवारी उम्म अल कुवैनच्या अलीकडे, एका खाडीच्या काठाला, हातभर खाली ही नाणी मिळाली. सगळी एकाच जागी. कोणीतरी फडक्यात बांधून ठेवली असावीत आणि फडकं कुजून गेलं असावं. दोन नाण्यांवर हिरव्या थराखाली अरबी अक्षरांच्या रेघा दिसत होत्या. मी वाळूत फतकल मारून बसले आणि चक्क रडले. नवरा काच खाली करून म्हणाला, "यल्ला, चल आता, ऊन वाढतंय."

दुसऱ्या दिवशी मी त्या बाजूच्या एका लहानशा म्युझियमला फोन केला. तिथले सुदानी अधिकारी फार सभ्य. जागेवर खूण केली का, किती खोल होती, सगळं त्यांनी विचारलं. नाणी त्यांच्याकडे जमा करायची हे मला माहीतच होतं. मग त्यांनी माझं शिक्षण विचारलं आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे नाण्यांची नोंद करायला माणूस हवं आहे. आठवड्यातून तीन दिवस. परवानग्यांचं आम्ही बघू. पुढच्या शनिवारी या, ही नाणी तुम्हीच वाचा आणि टिपण लिहा. तेच मी वरच्यांना दाखवतो, इन्शाल्ला. फक्त काहीही झालं तरी साफ करू नका, पाणीसुद्धा लावू नका." अक्षरं त्या हिरव्या थरातच उरलेली असतात. हे मी प्रबंधात लिहिलं होतं, मला कोणी सांगायची गरज नव्हती.

नाणी कापसात गुंडाळून आइस्क्रीमच्या डब्यात घातली आणि डबा कपाटावर ठेवला. नवऱ्याला नोकरीचं सांगितलं, तीनदा बजावलं की हात लावायचा नाही, आणि का लावायचा नाही तेही समजावलं. तेव्हा माझी आई सांगलीहून आमच्याकडे आली होती. तिला मात्र मी नुसतं म्हटलं, "शनिवारी एका मोठ्या साहेबांना दाखवायची आहेत." ती माझी चूक.

शुक्रवारी दुपारी मी मुलीला तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला घेऊन गेले. परत आले तर ओट्यावर अकरा नाणी मांडलेली, गुलाबी, चकचकीत. सणाआधी ताम्हण आणि पळी-पंचपात्र घासावं तशी आईने ती चिंच-मिठाने घासली होती. "बघ कशी लख्ख झाली," ती म्हणाली. "इतकी कळकट नाणी घेऊन चारचौघांत जाणार होतीस होय?"

मी नाणं उचलून खिडकीपाशी धरलं. सपाट होतं. दुसरंही सपाट होतं. मग मी आईला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. अडाणी म्हटलं, एवढं पुरे. ती पदराला हात पुसत उभी राहिली आणि एका शब्दाने उलटून बोलली नाही. नवरा बाहेर टीव्ही बघत होता. तो आत येऊन म्हणाला, "जाऊ दे ना, आईंना काय माहीत."

शनिवारी टॅक्सीने मी आणि आई म्युझियमला गेलो. त्या सुदानी गृहस्थांनी भिंगाखाली एकेक नाणं पाहिलं, आणि अकरावं खाली ठेवून हळूच म्हणाले, "खलास." वरच्यांना दाखवायला आता काही नव्हतं. त्यांनी नाण्यांची पावती दिली, चहा पाजला, आणि नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

परतीच्या टॅक्सीत माझा पट्टा पुन्हा सुरू झाला. "त्याला बघ," मी म्हटलं, "त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. पण सांगितलं तर त्याने डब्याला बोटसुद्धा लावलं नाही. आणि तू."

आई बाहेर बघत म्हणाली, "डबा त्यांनीच काढून दिला मला. माझा हात कुठे पोचतोय कपाटावर. घरात चिंच नव्हती, तर ग्रोसरीला फोन करून तीही त्यांनीच मागवली."

"नाणी घासायला चिंच हवी म्हणून सांगितलं होतंस त्याला?"

"सांगितलं की. म्हणाले, घासा, खूश होईल ती." आणि मग, "तुमच्यात भांडण नको म्हणून बोलले नाही गं."

घरी येऊन मी त्याला समोरासमोर विचारलं. त्याने आधी टाळाटाळ केली, आईंना नाही कसं म्हणायचं वगैरे. मी हलले नाही. तेव्हा वैतागून म्हणाला, "आणि तुला आठवड्यातून तीनदा तिथे नेऊन सोडणार कोण होतं?"

म्हणजे सगळं ठरवून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हिंग लायसन्सचा फॉर्म आणला. बायकोने गाडी शिकायची तर नवऱ्याचं 'हरकत नाही' असं पत्र लागायचं. ते मीच लिहून काढलं आणि रात्री त्याच्या रिकाम्या ताटाशेजारी पेनासकट ठेवलं. तो म्हणाला, "आधी जेवू तरी दे." मी हात बांधून बसले. त्याने आईकडे पाहिलं. आल्यापासून रोज जावयाला आग्रह करकरून वाढणारी माझी आई, भाताचं पातेलं तिच्या हाताशी होतं. तिनेही वाढलं नाही.