दोन मयतं, एक सांगावा

माझ्या भावाचं मढं दाराच्या आतच होतं. आई त्याच्या पायाशी बसलेली. तेवढ्यात पाटलाचा गडी आला. अंगणाबाहेरच उभा राहिला आणि बापाला म्हणाला, "धाकल्या पाटलाचा सांगावा न्यायचाय. त्याची बहीण देवळापल्याडच्या गावात दिलीय. तिकडं आधी जा."

गावात कुणी मेलं की पाहुण्यांना सांगायला पायी जायचं, हे काम आम्हा महारांचं. आमच्याकडून दादा जायचा. आता दादाच गेला होता. आणि धाकटा पाटील, पाटलाचा पोरगा, तोही गेला, त्याच आगीत.

शहरात, सिंधी निर्वासितांच्या कॅम्प चारला फटाक्यांची शेड होती. दादा दारू भरायचा, धाकटा पाटील तिथं मुकादम. मी दाराजवळ पेट्या बांधायला होते, म्हणून वाचले. आग लागली तशा बरॅकीतल्या सिंधी बायका धावत आल्या, अंगावरच्या चादरी आमच्यावर टाकल्या. जात कुणी विचारली नाही. दवाखान्यात तर पाटलीणबाई माझ्या आईच्या गळ्यात पडली. आमची सावली टाळणारी ती! "बाय गं, आपल्या दोघींचं सारखंच झालं," म्हणाली. एकाच तांब्यातलं पाणी प्याल्या दोघी. मला वाटलं, बदललं सगळं. खुळी मी.

दोन्ही मढी एकाच ट्रकमध्ये आली. वेशीवर ट्रक थांबला. पाटलाच्या माणसांनी त्यांचं उतरवलं, वर गोमूत्र शिंपडलं. आमच्याकडं न बघता एकजण म्हणाला, "तुमचं मागनं न्या." पाटलीणबाई खाली मान घालून चालती झाली.

आणि आता हा गडी अंगणाबाहेर.

बाप उठला. कोपऱ्यातली सांगाव्याची काठी घेतली! पोटचं पोर असं पडलेलं, आणि म्हातारा दुसऱ्याच्या पोराचं मरण सांगायला निघाला. माझ्या डोक्यात सणक गेली. मी दारात आडवी झाले.

"बाबा जाणार नाय."

"मग तू जा," गडी म्हणाला.

"मी पण नाय. आमच्या घरात मयत हाय, दिसत नाय का तुला?"

"पाटलाला काय सांगू?"

"सांग, ज्याचं मयत त्यानं सांगावा न्यावा."

गडी हसला. "मढं कुठं पुरता ते बघतो," म्हणाला आणि गेला.

महारवाड्यात दारं लागली. चुलता आला, हात जोडून म्हणाला, "पोरी, आजच्या दिवस पाया पड. उद्या पाणी तोडतील, परवा घरं पेटवतील." खरंच होतं ते. त्या बहिणीचं वाईटही वाटत होतं, भावाचं तोंड तिला दिसणार नव्हतं. पण पाटलाच्या घरी बारा बाप्ये आणि दोन बैलगाड्या. त्यांतल्या एकाला जाता येत नव्हतं?

चावडीकडून माणसांचा गलका यायला लागला. बाप काठी टेकत पुन्हा उठला. "जाऊन येतो गं," म्हणाला.

मी त्याच्या हातातली काठी ओढून घेतली. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. मी पेटवली. काठी गुडघ्यावर मोडली आणि आत घातली. आई बघत राहिली.

गलका वाड्याच्या तोंडाशी आला. चुलता ओरडला, "दार लाव!"

मी लावलं नाही. दादाला पुरायला त्याच वाटेनं न्यायचं होतं आम्हाला.