इसाकभायनी अडवून ठेवलेली रायफल

इसाकभाय नसते तर मी नव्वदच्या दशकातच विधवा झाले असते.

आज पहाटे खेडला ते वारले. त्यांच्या मुलीचा फोन आला आणि मी चहाचं आधण तसंच ठेवून खाली बसले.

बहारीनमधले जुने मित्र सोडले तर इथं त्यांना कोणी ओळखत नाही. म्हणून लिहिते.

आमचे हे तेव्हा एका अरबाबकडे, म्हणजे तिथल्या अरब शेठकडे, ड्रायव्हर होते. मी मनामात एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला.
इसाकभाय शिकारीच्या सामानाच्या दुकानात रायफली दुरुस्त करायचे. मूळचे खेडचे. आवाज मोठा, अत्तर त्याहून मोठं, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

शुक्रवारी जेवायला आमच्याकडे. दर शुक्रवारी माझ्या कालवणाला नावं ठेवायची आणि दोनदा भात मागून घ्यायचा, हा त्यांचा नेम.

अशाच एका शुक्रवारी हे सहज बोलून गेले. मागच्या शिकारीत अरबाबच्या रायफलमधून गोळी आपोआप सुटली होती. गाडीच्या पुढच्या टायरजवळ वाळूत घुसली.

"बोट लागलं असेल," असं अरबाब हसून म्हणाला. मग सगळेच हसले.

"लागला असेल," इसाकभाय म्हणाले. त्यांचं लक्ष माशाच्या काट्यात.

"नाही हो. मी आरशात बघत होतो. त्यांनी फक्त सेफ्टी काढली. बोट बाहेर होतं."

इसाकभायचा घास हातातच राहिला.

"ह्या तू अरबाबला सांगितलास?"

"मी? त्यांना कसं सांगणार?"

गल्फमध्ये राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. ड्रायव्हरने अरबाबला चार माणसांत खोटं पाडायचं नसतं. व्हिसा त्याच्या हातात. आणि रविवारी पुन्हा शिकारीला निघायचं होतं. तीच रायफल, मागच्या सीटवर अरबाब, पुढे स्टिअरिंगवर हे.

मी म्हटलं, "अहो, आजारी आहे म्हणून कळवा."

"हा नाय गेला तर दुसरा कोण तरी पुढे बसल," इसाकभाय म्हणाले. "रायफल माझ्याकडेच आलीय साफ करायला. मी बघतो. वहिनी, भात वाढा."

शनिवारी सकाळी अरबाब रायफल घ्यायला दुकानात गेला. गाडीची किल्ली हातात घेऊन हे दारात उभे. पुढचं सगळं ह्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

इसाकभायनी रायफलचा बोल्ट काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता, कुलूप लावून त्याची किल्ली खिशात. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी.

"अरबाब, ये आज नहीं जाएगी. ट्रिगर खराब है."

अरबाब भडकला. कंपनीची नवीकोरी रायफल, ट्रिगर खराब कसा?

दुकानाचा मालक धावत आला. साफ कर, तेल घाल, स्क्रू आवळ, आणि दे!

"वो सब मलमपट्टी है. पूरा ट्रिगर बदलना पड़ेगा. दूसरी कंपनी का मंगवाता हूँ, कार्गो से आएगा."

"आणि शिकार?" अरबाबने विचारलं.

"रुकेगी."

मालक म्हणाला, "व्हिसा कॅन्सल करीन."

"करो. बोल्ट नहीं दूँगा."

शेवटी अरबाबच म्हणाला, दाखव. इसाकभायनी रिकाम्या रायफलमध्ये बोल्ट घातला, नळी वाळूच्या बादलीत रोखली. सेफ्टी लावली, ट्रिगर दाबून सोडला, बोट बाजूला घेतलं, सेफ्टी काढली.

काही झालं नाही.

पुन्हा. काही नाही. पुन्हा. तरी नाही.

मालक हसायला लागला. इसाकभायच्या कपाळावर घाम होता, पण हात थांबेना.

आणि मग, बोट पार लांब असताना, टक्!

आतले दोन पोलादी तुकडे एकमेकांना अडकून राहायला हवेत, ते कधीमधी अडकतच नाहीत, एवढं इसाकभायनी शांतपणे सांगितलं. त्या माणसाला शांत बोलताना ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

अरबाबने विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"रायफल ने बोला, अरबाब."

दाराकडे नजरसुद्धा वळवली नाही.

"खलास," अरबाब म्हणाला. "बदल."

शिकार पुढे ढकलली. नवा ट्रिगर आला, बसला, आणि हे शिकारीला गेले तसे धडधाकट परत आले.

मी इसाकभायना थँक्यू म्हणायला गेले तर माझ्यावरच ओरडले, "आमटीत मीठ नाय, त्याचा बघा आधी!"

आम्ही कायमचे परत यायला निघालो, तेव्हा अरबाब स्वतः एअरपोर्टवर सोडायला आला. ह्यांचा हात धरून म्हणाला, "त्या दिवशी माझं बोट बाहेर होतं. तू आरशात बघितलंस, मला माहीत होतं. इसाकला किती वेळा विचारलं! नोकरीची भीती घातली, पगार वाढवून देतो म्हटलं. त्याने तुझं नाव घेतलं नाही."

आम्हाला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इतके शुक्रवार समोर बसून जेवला हा माणूस, आणि चकार शब्द काढला नाही.

इसाकभाय, नवरा तुम्ही राखलात आणि त्याची नोकरीही. मी मात्र तुम्हाला कालवणाशिवाय काही देऊ शकले नाही.

मघाशी हे जनाज्याला जायला गाडी काढत होते. डोळे भरलेले. मी म्हटलं, "जपून चालवा हो."

म्हणाले, "इसाकभायनी राखलेला जीव आहे. जपूनच नेतो त्यांच्यापर्यंत."

जा इसाकभाय, शांत झोपा.
तुमच्या वहिनीचा मनापासून सलाम.