न लावलेल्या एकवीस बाभळी

जेवण झालंय, पंखा दोनवर आहे, माझी बायको शैला आतल्या खोलीत पडली आहे आणि मी बाहेर दिवाणावर. माझं सगळं आयुष्य गोदामांतला साठा मोजण्यात गेलं, त्यामुळे काहीतरी मोजल्याशिवाय माझी पापणी मिटत नाही. आज मोजतोय ते हे: एकवीस बाभळी न केल्यामुळे माझा काय फायदा झाला.

एका बाभळीला दीड दिवस लागतो. वायर सोलून तांब्याची तार काढायची, पीळ घालून खोड करायचं, फांद्या उलगडायच्या, वर गोंद आणि लाकडाचा भुसा, मग रंग, मग हिरवा स्पंज किसून चिमट्याने एकेका फांदीवर. आंबा असला, वड असला, तर स्पंजचा गोळाच चिकटवून भागतं. बाभळीत लबाडी चालत नाही, तिच्यातून थोडं थोडं आभाळ दिसावं लागतं. एकवीस गुणिले दीड, साडेएकतीस. म्हणजे माझा महिना वाचला. शिवाय प्रदर्शनाची तारीख गाठता आली. शिवाय ढाल मिळाली, हुबेहूबपणाची. ती हर्षेच्या कपाटावर आहे. तिच्यावर माझं नाव दुसरं आहे, पण आहे.

हर्षे म्हणजे मुकुंद हर्षे, माझा मित्र. त्याच्या फ्लॅटमधली दुसरी बेडरूम गेली नऊ वर्षं सावरखोरे स्टेशनच्या ताब्यात आहे. बारा फूट बाय चार फुटांच्या फळीवर अख्खं स्टेशन, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. प्लॅटफॉर्म, पाण्याची टाकी, वळण घेऊन येणारी लाइन आणि स्टेशनापासून थोडं दूर बिनफाटकाचं क्रॉसिंग. त्याची बायको याला खेळणी म्हणते. हा शब्द कानावर पडला की हर्षे दोन दिवस मुकाट जेवतो. रूळ, इंजिनं आणि सिग्नल त्याच्याकडे. माती, खडी आणि झाडं माझ्याकडे. जागेवर जाऊन आम्ही दोघांनी मिळून फोटो काढले होते, आणि क्रॉसिंगच्या डाव्या अंगाच्या बाभळी भिंग लावून मीच मोजल्या होत्या.

"त्यांनी गाडी झाकली जाते रे," मी म्हणालो होतो. "लोक काय झुडपं बघायला येणार आहेत?"

हर्षे कुरकुरला, पण ऐकलं त्याने. तारीख त्याच्याही डोक्यावर होती.

पाय जड होतात. पंख्याच्या आवाजात कुठूनतरी रुळांचे सांधे वाजायला लागतात. कोणीतरी माझ्या पायांशी बसतं आणि दिवाण तेवढा दबतो.

"पाय घ्या जरा, साहेब."

लहानू गांगुर्डे आहे. त्याला मी आयुष्यात एकदाच पाहिलं, जेमतेम दहा मिनिटं, आणि तो जाऊन तीन वर्षं झालीत. दोन्ही गोष्टी मला इथेही ठाऊक आहेत. शर्ट तोच, प्रदर्शनातला, इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"चहा घेणार?" मी विचारतो.

"आता कुठला चहा. तवा बी इचारला नव्हता तुमी."

खरं आहे. विचारला नव्हता.

लहानू पिकअप चालवायचा. पाच वर्षांपूर्वी सतरा फेब्रुवारीला शेळवाडीच्या बायका मागे बसवून तो द्राक्षाच्या बागेकडे निघाला. रस्ता त्याला नवा होता. सावरखोऱ्याच्या क्रॉसिंगवर रेल्वेगाडीने पिकअप उडवली. तिघी बायका जागेवर गेल्या. लहानू वाचला, पण त्या सकाळचं त्याला काहीच आठवेना. गाडी दिसत असून तो पुढे गेला का, खटल्यात एवढाच प्रश्न होता. त्याचा वकील म्हणायचा झाडी दाट होती. समोरचा म्हणायचा चार झुडपं होती. झाडी तर उरलीच नव्हती. आठवड्याच्या आत लोकांनी ती सरपणाला तोडून नेली होती.

"चला," लहानू म्हणतो.

मी पाय खाली सोडतो तर खाली फरशी नाही, खडी आहे. माझीच खडी. ती मी चहाच्या गाळणीने चाळून घेतली होती आणि पाणी घातलेल्या गोंदाने थेंब थेंब बसवली होती. आता एकेक दगड मुठीएवढा आहे आणि तळव्यांना टोचतो आहे. स्टेशनाची भिंत पुठ्ठ्याची असल्याचं जवळून कळतं. प्लॅटफॉर्मवरचे प्रवासी हर्षेने रंगवलेले, त्यांना तोंडं नाहीत, कारण इतक्या लहान तोंडाला ब्रश पुरत नाही. त्यातला एक जण माझ्याकडे वळून बघतो.

"ह्यांना तोंडं का न्हाई केली?"

"दिसत नाहीत लांबून."

"लांबून दिसत नाय त्ये सोडून द्यायचं, आसं हाय व्हय तुमच्यात?"

तो हसतो. हसताना त्याचे डोळे पिवळे दिसतात.

पुठ्ठ्याच्या दारातून आत शिरलो तर तिकीटखिडकी नाही, शाळेचा हॉल आहे. टेबलं, दोऱ्या, बिल्ले लावलेले परीक्षक. मधोमध आमची फळी आणि तिच्यापुढे मी लिहिलेली पाटी: 'अपघातापूर्वीचे सावरखोरे. फोटोंवरून हुबेहूब.' 'अपघातापूर्वीचे' हा शब्द मी मुद्दाम टाकला होता. त्याने गर्दी होते. हर्षे बाहेर भजी खायला गेला आहे. फळीपाशी लहानू उभा आहे आणि त्याच्यामागे त्याची बायको मालन, डोक्यावरून पदर घेऊन, हातात पिशवी.

"म्या पेपरात वाचलं," तो लहानू म्हणतो. माझ्या शेजारचा लहानू नुसता ऐकतो आहे. "म्हनलं, जाऊन बघावं. मला गाडी दिसली आसंल का, तेवढंच बघायचं व्हतं."

परीक्षक दोन टेबलं पलीकडे आहेत. मी त्याला बघायची रीत दाखवतो. गाल रुळावर टेकवायचा आणि एक डोळा मिटायचा, म्हणजे माणूस सत्त्याऐंशीपट लहान होतो. ही रीत मी सगळ्यांना दाखवतो, पोरं खूश होतात. तो वाकतो. क्रॉसिंगवर गाल टेकवतो. मी बटण दाबतो आणि वळणावरून इंजिन निघतं.

इंजिन त्याच्या नाकाशी येईपर्यंत तो गाल उचलत नाही.

"दिसतीया," तो म्हणतो. "मालन, पार वळणापासून दिसतीया गं."

मालन माझ्याकडे बघते. "साहेब, ह्ये आसंच व्हतं का तिथं?"

आता परीक्षक एकच टेबल पलीकडे आहेत. त्यातल्या एकाने मान वर केली आहे.

"पाटी वाचा ना बाई."

"मला वाचाया येत न्हाई."

मी तिला वाचून दाखवतो. मोठ्याने. परीक्षकालाही ऐकू जाईल इतपत.

"बास," माझ्या शेजारचा लहानू म्हणतो, आणि हॉल राहत नाही.

आम्ही पिकअपमध्ये बसलो आहोत. तो स्टिअरिंगवर, मी बाजूला. मागे बायका बोलताहेत, कोणाच्या तरी सुनेविषयी, आणि मधूनच हसताहेत. मी मागे वळून बघत नाही. त्यांना तोंडं असतील.

"पुढच्याच तारखेला म्या जजला सांगितलं," लहानू म्हणतो. "मला दिसत व्हती, तरी गेलो. वकील लई चिडला. म्हनला, गाढवा, मी झाडीवर खटला लढवतोय आन तू... म्या म्हनलं, झाडी नव्हती. म्या डोळ्यानं बघून आलो."

"दोन वर्षांची झाली ना शिक्षा?"

"दोन. काढली अकरा महिने. मंग कावीळ." तो गिअर टाकतो. "एक सांगा. तुमच्या बाभळी किती व्हत्या?"

"एकवीस."

"एकीला किती येळ?"

"दीड दिवस."

"म्हंजी एक महिना."

"साधारण."

"अकरा महिने तुमाला कुठं काढायचे व्हते," तो म्हणतो. "तुमचा एकच गेला आस्ता."

पिकअप चालते आहे की नाही ते कळत नाही. समोरच्या काचेत कधी रस्ता असतो, कधी हर्षेच्या बेडरूमची भिंत आणि तिच्यावर निळ्या रंगाने काढलेलं आभाळ. गजांची एक सावली आमच्या मांड्यांवर पडते आणि सरकत जाते. बराकीचा वास येतो, फिनेल आणि शिळ्या डाळीचा. लहानू काच वर करतो, तरी वास जात नाही.

"उद्या सतरा तारीख," तो म्हणतो.

"हो."

"मालन शेळवाडीला जाईल. तिन्ही घरी. उंबऱ्याभायेर बसती, पदर पसरती. माझ्या नवऱ्याला माफ करा म्हनती. पयल्या घरची म्हातारी तिच्या अंगावर खरकटं पानी टाकती. तरी उठत न्हाई."

हे मला माहीत आहे. हर्षेची सासुरवाडी शेळवाडीचीच. दरवर्षी तो मला सांगतो, हळहळत, चहाबरोबर, आणि मी 'काय बाई आहे' म्हणतो.

"तिला सांगून टाका," लहानू म्हणतो. "झाडी व्हती म्हनून. फोटू हायेत तुमच्याकडं."

"आता सांगून काय होणार, लहानू? तू उगाच गेलास, हेच सांगायचं ना? तिला बरं वाटेल का?"

"बरं कशाला वाटंल? राग यील."

"मग?"

"येऊ द्या की. चार वर्षं झाली, ती माझाच राग गिळतीया. तुमचा यिऊ द्या जरा." तो पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघतो. "तुमाला भ्याव वाटतंय व्हय तिचं? एवढीशी बाई हाय."

मी म्हणतो की माझं वय झालंय. मी म्हणतो की हर्षेला कळलं तर तो खचेल. मी म्हणतो की खटला संपलाय, माणूस गेलाय, पाटी तर केव्हाच फेकली. प्रत्येक वाक्याला तो मान डोलावतो, दुकानदार गिऱ्हाइकाचं ऐकून घेतो तसा.

"उतरा," तो म्हणतो.

क्रॉसिंग आहे. डाव्या अंगाला बाभळी आहेत, एकवीस. मोजायची गरज नाही. पांढऱ्या शेंगांच्या माळा लोंबताहेत, खाली शेळ्यांच्या लेंड्या आहेत, आणि एकेका झाडातून थोडं थोडं आभाळ दिसतं. मी केल्या असत्या तर इतक्या चांगल्या झाल्या नसत्या.

"लावा गाल."

"लहानू..."

"मला दाखवली ना रीत? लावा."

मी वाकतो. गुडघे दुखतात. रूळ गार आहे, मग तितका गार नाही. एक डोळा मिटतो. समोर नुसती झाडी. वळण नाही, सिग्नल नाही, काही नाही.

"दिसती का?"

"नाही."

गालाखाली रूळ थरथरू लागतो. आधी अगदी हलका, आजाऱ्याच्या नाडीसारखा. मी डोकं उचलायला जातो तर उचलत नाही.

"आता?"

"नाही दिसत. उठू दे मला."

"थांबा. म्या बी थांबलो आसंन इथं. थांबलो आसंन, खाली वाकून बघितलं आसंन. आठवत न्हाई मला. आता दिसती का?"

थरथर दातांपर्यंत आली आहे. मागे बायकांचं हसणं मध्येच तुटतं. झाडीत एकही पान हलत नाही.

"नाही!"

"मोठ्यानं. मालन लांब हाय."

"नाही दिसत! नाही दिसत काही!"

"काय दिसत नाही?" शैला दारात उभी आहे. "चष्मा उशाशीच तर आहे."

साडेचार वाजलेत. पंखा दोनवर. मी दिवाणावर उताणा आहे, उशी कापसाची, अभ्रा धुतलेला. हर्षेचं घर इथून चार किलोमीटरवर, आणि गेल्या रविवारपासून मी तिकडे फिरकलेलो नाही.

"आणि गालाला काय झालं?" शैला जवळ येते. "कशावर झोपला होतात?"

आरशात बघतो. डाव्या गालावर दोन लाल रेघा, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, एकीला एक समांतर. ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी काढतो आणि गालाला लावतो. शैला म्हणते, "आता गालही मोजणार का?" दोन रेघांत साडेसोळा मिलिमीटर. आमच्या रुळांत तेवढंच अंतर असतं.

"उद्या कुठे जायचंय का?" ती स्वयंपाकघरातून विचारते. "डबा करायचा असेल तर आत्ताच सांगा."

शेळवाडीची बस सकाळी सातला असते. हर्षेला फोन केला तर फोटोंचा अल्बम तो आजच काढून ठेवेल, आणि विचारेल, कशाला.

"नाही," मी म्हणतो. "कुठे नाही."

आधण ठेवल्याचा आवाज येतो. मी दिवाणावर बसून दुसऱ्या बाजूची बेरीज करतो. हर्षेने काही भरलं नाही. त्याला माहीतच नाही, तो भजी खात होता. लहानूने अकरा महिने भरले आणि त्यापुढचं सगळं. मालनने तीन वर्षं, दर वर्षी तीन उंबरे, नऊ. उद्याचे तीन मी तिच्याच बाजूला मांडतो. बारा. माझ्या बाजूला गालावरच्या दोन रेघा, आणि चहा होईपर्यंत त्यातली एक गेलेली आहे.