लॉनवरचं शेवाळ आणि माझे शंभर टक्के

देवधर मॅडम लॉनच्या मधोमध बसल्या होत्या. एक चप्पल पायात, दुसरी हातभर लांब. त्या आमच्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर टेस्टिंग टीमच्या मॅनेजर. मी धावत पोचलो तेव्हा त्या कुर्त्यावरचा हिरवा डाग निरखत होत्या.

"लागलं का हो?" मी विचारलं.

"नाही. तुमचं लॉन बसायला उत्तम आहे, पेंडसे. चालायला तेवढं नाही."

मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत फॅसिलिटी मॅनेजर आहे. म्हणजे इमारतीत जे बंद पडतं, गळतं किंवा घसरतं, ते सगळं माझं. हे लॉन मुख्य दारासमोर, कंपनीच्या पाळणाघराला लागून आहे. एरवी संध्याकाळी तिथे मुलं खेळतात. पण त्या पावसाळ्यात गवतात शेवाळ पसरलं आणि पाळणाघराच्या ताईंनी मुलांना बाहेर सोडणं बंद केलं. त्यात मॅडम पडल्या. दुपारीच ॲडमिन हेड सातपुते सरांनी मला बोलावलं.

"आर्टिफिशियल टर्फ टाकू," ते म्हणाले. "प्लॅस्टिकचं गवत. वाढत नाही, पाणी मागत नाही. व्हेंडर तयार आहे."

"सर, उन्हाळ्यात ते तव्यासारखं तापेल. मुलं खेळणार कुठे?"

"आत्ता कुठे खेळतायत?"

मी थोडी मुदत मागितली.

"गणपतीपर्यंत शेवाळ घालवा," सर म्हणाले. "नाहीतर टर्फ."

मी इंजिनिअर. आधी मोजमाप. तारेची एक फूटभर चौकट केली. दर सोमवारी ती लॉनवर ठिकठिकाणी टाकायची, आत शेवाळ किती आणि गवत किती ते बघायचं आणि सरासरी काढायची. कॅन्टीनच्या काचेतून हे सगळ्यांना दिसत असे. देवधर मॅडम एकदा चहा घेऊन बाहेर आल्या.

"जिंकताय का?" त्यांनी विचारलं.

जिंकत नव्हतो. माळीकाकांनी दाताळ्याने शेवाळ ओरबाडून काढलं, ते परत आलं. मग मी वाचन केलं आणि हिराकस आणलं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोखंडाचा क्षार. तो योग्य प्रमाणात पाण्यात विरघळवून फवारला की शेवाळ काळं पडून मरतं, गवताला फारसं काही होत नाही. प्रमाण मी स्वतः काढलं आणि ते अचूक होतं. शेवाळ मेलं. माझा आलेख खाली आला. मी तो सरांना उत्साहाने दाखवला.

लॉनच्या कडेने फिकट दगडाची पायवाट आहे, हे मात्र माझ्या गणितात नव्हतं. फवारा तिच्यावरही उडाला होता. लोखंड आपल्या स्वभावाप्रमाणे गंजलं.

"पेंडसे, इथे पान खाऊन कोण थुंकतंय?" सर पायवाटेवर उभे राहून विचारत होते.

"सर, ते मी."

"तुम्ही?"

"म्हणजे हिराकस."

तोवर सिक्युरिटीने 'येथे थुंकू नये' अशी पाटी लावली होती आणि एका कॅब ड्रायव्हरला दम भरला होता. मी जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या साहेब, तंबाखू खातोच मी."

पुढे शेवाळ पुन्हा आलं. आता मी जरा मूलभूत विचार केला. शेवाळ गवताला मारत नाही. सावली, दबलेली माती किंवा साचलेलं पाणी यांमुळे गवत विरळ होतं, आणि रिकाम्या जागी शेवाळ येऊन बसतं. म्हणून आम्ही जमिनीत सळईने भोकं पाडली, म्हणजे मातीला हवा मिळते. झाडाच्या फांद्या छाटल्या. मोवरचं पातं वर घेतलं, कारण फार बारीक कापलेलं गवत अशक्त होतं. सगळं पुस्तकाबरहुकूम. तरी सोमवारचा आकडा चढतच होता, आणि तोही झाडाखाली कमी, उघड्यावर जास्त. हे कोणत्याच पुस्तकात बसेना.

एका दुपारी चांगला पाऊस लागला होता. मी छत्री घेऊन पाणी कुठे साचतं ते बघायला निघालो. दारात देवधर मॅडम कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी लॉनकडे बोट केलं.

"पावसावर तुमचा विश्वास दिसत नाही."

भर पावसात लॉनचे सगळे स्प्रिंकलर गरगर फिरत होते.

मी तडक एसटीपीवर गेलो. एसटीपी म्हणजे इमारतीचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट. ते पाणी आम्ही बागेला देतो. तिथला ऑपरेटर शेळके, शेजारच्या गावचा.

"शेळके, पावसात स्प्रिंकलर कुणी लावले?"

"रोजच लागत्यात की सर."

"कशासाठी?"

"न्हाय लावले तर टक्का उतरतोय. शंभराच्या खाली यायचा न्हाय, असं तुम्हीच म्हणला हुता."

म्हणालो होतो. व्यवस्थापनाला मी दरमहा जो रिपोर्ट पाठवतो, त्यातली माझी सर्वांत लाडकी ओळ आहे ती: शुद्ध केलेल्या पाण्याचा पुनर्वापर, शंभर टक्के. त्यावरून आम्हाला बक्षीस म्हणून एक ढालही मिळाली होती. उन्हाळ्यात लॉन ते सगळं पाणी पितं. पावसाळ्यात त्याला तहान नसते. पण माझा आग्रह सुटत नव्हता. जादा पाणी पावसाळ्यात ड्रेनेज लाइनला सोडायची आम्हाला परवानगी होती. मी ती कधी वापरली नव्हती. टक्का उतरला असता.

मी स्प्रिंकलर बंद करायला लावले आणि सरांकडे गेलो. सगळं सांगितलं.

"म्हणजे शेवाळ आपण पाळलं होतं?"

"हो सर."

"वर ते घालवायला औषधही आपणच आणलं."

"हो सर."

"आणि हा उतरलेला आकडा वर पाठवायचा? ढाल परत मागतील."

"मागू देत. खुलासा माझ्या सहीने जाईल. पण तेवढं टर्फचं थांबवा."

"गणपतीपर्यंत," सर म्हणाले. त्यांनी तारीख काही बदलली नाही.

पावसाच्या दोन सरींमध्ये माती सुकू लागली. विरळ जागी आम्ही गवताचे नवे गड्डे लावले. गणपतीच्या आदल्या आठवड्यात चौकटीत शेवाळ होतं, पण शोधावं लागत होतं. सर स्वतः चामडी तळाचे बूट घालून लॉनवर आले. टाच मुद्दाम दाबून, फरपटत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. घसरले नाहीत. मला वाटतं, थोडे निराशच झाले. मग त्यांनी व्हेंडरला फोन लावला आणि "तूर्त नको" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ताईंनी मुलांना बाहेर सोडलं. मुलांनी सर्वप्रथम नवे गड्डे उपटले. आम्ही ते दुसऱ्या दिवशी पुन्हा लावले.

टक्का का घटला, अशी वरून विचारणा आलीच. मी एका शब्दात उत्तर दिलं, "पाऊस." त्यांनी सविस्तर मागितलं. दोन पानं लिहून दिली. ढाल अजून तरी कुणी मागितलेली नाही.

बागकामातलं मला फार कळतं असं मी आता म्हणत नाही. आकड्यांबद्दल मात्र सांगू शकतो. एखादा आकडा महिनोन्महिने शंभरच येत असेल, तर अभिनंदन स्वीकारण्याआधी एकदा त्या जागी जाऊन उभं राहावं. शक्यतो पावसात.